कोळशाचा कण आणि काळाचे मोजमाप : लघुआकारी त्वरक वस्तुमानमापकांचे अर्थकारण

नर्मदेच्या दक्षिण तीरावरील नवदाटोली येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५० च्या दशकात उत्खनन केले, तेव्हा तेथे सापडलेल्या कोळशाचे वय निश्चित करण्याची सोय भारतात नव्हती. ते नमुने अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेकडे पाठवावे लागले. पुढे १९६० च्या दशकाच्या प्रारंभी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत किरणोत्सारी कार्बनमापनाची प्रयोगशाळा उभी राहिली आणि धर्मपाल अग्रवाल यांनी हडप्पा संस्कृतीच्या कालखंडाविषयीचे आपले निष्कर्ष १९६४ साली तेथूनच प्रसिद्ध केले. १९७० च्या दशकात हे कार्य अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत स्थलांतरित झाले. म्हणजे या क्षेत्रात आपण तुलनेने लवकर स्वावलंबी झालो होतो. असे असूनही, तामिळनाडूतील वैगई खोऱ्यातल्या कीळडी येथील ज्या सहा नमुन्यांच्या तारखा २०१९ साली जाहीर झाल्या व ज्यांनी देशभर चर्चा घडवली, ते नमुने पुन्हा अमेरिकेतच, फ्लोरिडा राज्यातील एका खासगी प्रयोगशाळेत मोजले गेले होते. मधल्या काळात मापनाचे तंत्रच बदलले होते. हा बदल नेमका काय होता, त्यात यंत्राचा आकार का लहान होत गेला आणि भारतासारख्या देशाने अशी यंत्रे किती व कोठे ठेवावीत, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. लेखक भौतिकशास्त्राचा नव्हे तर अर्थशास्त्राचा अभ्यासक आहे. त्यामुळे यंत्राच्या रचनेपेक्षा त्याच्या खर्चाच्या रचनेकडे त्याचे लक्ष अधिक जाणार, हे वाचकांनी गृहीत धरावे.

विघटनाची वाट पाहणे की अणू मोजणे?

वातावरणाच्या वरच्या थरांत विश्वकिरणांमुळे मुक्त झालेले न्यूट्रॉन नायट्रोजनच्या अणूंवर आदळतात आणि कार्बन-१४ हा किरणोत्सारी समस्थानिक तयार होतो. त्याचा अर्धायुकाल सुमारे ५७३० वर्षे आहे. प्राणी व वनस्पती जिवंत असेपर्यंत वातावरणाशी देवाणघेवाण करीत असल्याने त्यांच्यातील कार्बन-१४ चे प्रमाण जवळजवळ स्थिर राहते. मृत्यूनंतर ते घटू लागते. या घटीवरून वय काढण्याची पद्धत विलर्ड लिबी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस विकसित केली व त्यासाठी त्यांना १९६० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अडचण आहे ती विरळपणाची. सजीवांच्या शरीरातील कार्बनमध्येही साधारण एकावर बारा शून्ये इतक्या अणूंमागे कार्बन-१४ चा जेमतेम एक अणू असतो. लिबींच्या पद्धतीत हे अणू थेट मोजले जात नाहीत. त्यांचे विघटन होण्याची वाट पाहिली जाते. एक ग्रॅम ताज्या कार्बनमध्ये मिनिटाला सुमारे १४ विघटने होतात. अर्ध्या टक्क्याची अचूकता हवी असेल तर सुमारे ४०,००० विघटनांची नोंद व्हावी लागते व त्यासाठी दोन दिवस पुरतात. मात्र नमुना एक ग्रॅमऐवजी एक मिलिग्रॅम असेल तर? तेव्हा दिवसाकाठी वीसच विघटने होतील आणि तीच अचूकता गाठण्यास सुमारे २००० दिवस, म्हणजे साडेपाच वर्षे लागतील. जळालेला एखादा धान्याचा दाणा, मृद्भांड्याला चिकटलेला काजळीचा थर किंवा समुद्रतळाच्या गाळातील सूक्ष्म कवचे यांच्या बाबतीत ही पद्धत व्यवहार्य ठरत नाही.

परंतु त्याच एका मिलिग्रॅममध्ये कार्बन-१४ चे सुमारे सहा कोटी अणू असतात. त्यांच्या विघटनाची वाट न पाहता ते अणूच मोजता आले, आणि शंभरातला एक जरी हाती लागला, तरी सहा लाखांची नोंद होते. त्वरक वस्तुमानमापन, म्हणजेच संक्षेपाने एएमएस, या तंत्राचा सारा गाभा या साध्या हिशेबात आहे.

यंत्राचे कार्य

साध्या वस्तुमानमापकात अणूंना विद्युतप्रभारित करून चुंबकीय क्षेत्रातून नेले जाते व वस्तुमानानुसार ते वेगवेगळ्या प्रमाणात वळतात. कार्बन-१४ बाबत हे पुरेसे नाही, कारण १४ हेच वस्तुमान असणारे तोतये प्रचंड संख्येने हजर असतात. पहिला तोतया नायट्रोजन-१४. त्याचा बंदोबस्त निसर्गानेच केला आहे : नायट्रोजनचा स्थिर ऋण आयन तयार होत नाही. म्हणून नमुन्यापासून बनविलेल्या ग्रॅफाइटवर सीझियमच्या आयनांचा मारा करून ऋण आयन मिळविले, तर नायट्रोजन पहिल्याच पायरीवर गळतो.

दुसरे तोतये अधिक चिवट आहेत. कार्बन-१२ ला हायड्रोजनचे दोन अणू जोडले गेले, किंवा कार्बन-१३ ला एक, तरी रेणूचे वस्तुमान १४ च भरते. त्यांना हटविण्यासाठी ऋण आयनांना त्वरकात वेग दिला जातो व मध्यभागी विरळ वायूच्या नळीतून अथवा पातळ पापुद्र्यातून पार केले जाते. तेथे त्यांच्यावरील इलेक्ट्रॉन खरवडले जातात. इलेक्ट्रॉन गमावून रेणू त्रिधन प्रभाराचा झाला की त्याचे घटक एकमेकांना दूर लोटतात आणि रेणू फुटतो. एकटा अणू मात्र टिकतो. त्यानंतरची चुंबके व शोधक यांतून कार्बन-१४ वेगळा ओळखू येतो.

१९७७ साली अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात आणि कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात अणुकेंद्रीय भौतिकीसाठी बांधलेल्या मोठ्या टँडेम त्वरकांवर हे तंत्र यशस्वी झाले. कार्बनचे आयन त्रिधन करायचे तर त्वरकाचा विद्युतदाब काही दशलक्ष व्होल्ट हवा, ही त्या काळची समजूत होती व ती योग्यही होती. १९८० च्या दशकात केवळ कालमापनासाठी उभारलेले त्वरकही २० ते ३० लाख व्होल्टचे होते. १९८८ साली ॲरिझोना, ऑक्सफर्ड व झुरिक येथील प्रयोगशाळांनी तुरीन येथील प्रसिद्ध प्रेतवस्त्राचे टपाल तिकिटाएवढे तुकडे तपासून त्याचे वय इ. स. १२६० ते १३९० असे ठरविले. या तंत्राची सामान्य जनांना ओळख झाली ती त्या घटनेमुळे.

यंत्र लहान झाले ते एका प्रश्नातून. रेणू फोडण्यासाठी त्रिधन अवस्था खरोखर अपरिहार्य आहे का? १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात झुरिकच्या स्विस संघीय तंत्रसंस्थेतील गटाने दाखवून दिले की वायूचा थर थोडा दाट ठेवला, तर एकधन अवस्थेतील रेणूही एकामागून एक बसणाऱ्या टकरांनी मोडतात. एकधन अवस्थेसाठी फार वेगाची गरज नसते. त्यामुळे ५ लाख व्होल्टचा त्वरक पुरेसा ठरला. २००४ च्या सुमारास त्याच संस्थेत २ लाख व्होल्टवर चालणारे मिकॅडास हे यंत्र तयार झाले. ते साधारण तीन मीटर लांब व अडीच मीटर रुंद जागेत मावते. या दाबासाठी वेगळा त्वरक बांधावाच लागत नाही. बाजारात मिळणारा वीजपुरवठा संच चालतो. दिल्लीच्या आंतरविद्यापीठीय त्वरक केंद्रातील १५ यूडी पेलेट्रॉन या मोठ्या त्वरकाची उभी टाकी सुमारे २६ मीटर उंच आहे व तो १.६ कोटी व्होल्टपर्यंतच्या दाबासाठी रचलेला आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकुंचनाची कल्पना येईल.

येथे एक मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक आहे. लहान यंत्र सर्व समस्थानिकांना चालत नाही. ॲल्युमिनियम-२६ चा तोतया मॅग्नेशियम आणि आयोडीन-१२९ चा तोतया झेनॉन हे नायट्रोजनप्रमाणेच ऋण आयन देत नाहीत, म्हणून तेथे काम सोपे. बेरिलियम-१० च्या वाटेत बोरॉन-१० येतो. त्याला पातळ पापुद्र्यात अधिक ऊर्जा गमवायला लावून वेगळे करता येते. क्लोरिन-३६ आणि गंधक-३६ यांना वेगळे करण्यास मात्र अजूनही उच्च ऊर्जाच सोयीची. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्र व टाटा संस्था यांच्या संयुक्त पेलेट्रॉनवर क्लोरिन-३६ च्या मापनाचा कार्यक्रम हाती घेतला गेला तो याच कारणाने.

मापनावर काय अवलंबून आहे?

पुरातत्त्वाची उदाहरणे सर्वांना परिचित असतात; स्पर्धा परीक्षांतही तीच विचारली जातात. परंतु विकासाच्या दृष्टीने इतर उपयोग अधिक महत्त्वाचे आहेत. त्यांतील पहिला भूजलाचा. विहिरीतून उपसलेले पाणी गेल्या दशकातील पावसाचे आहे की हजारो वर्षांपूर्वी मुरलेले, हे त्यातील विरघळलेल्या कार्बनवरून व अतिप्राचीन पाण्याच्या बाबतीत क्लोरिन-३६ वरून कळते. क्लोरिन-३६ चा अर्धायुकाल सुमारे ३ लाख वर्षे आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट आर्टेशियन खोऱ्यातील पाण्याचे वय त्याच्या साहाय्याने दहा लाख वर्षांच्या घरात असल्याचे आढळले. आपल्याकडे जैसलमेरच्या वाळवंटातील काही खोल भूजल हजारो वर्षे जुने असल्याचे समस्थानिकांच्या अभ्यासातून पुढे आले आहे. अशा पाण्याचा उपसा म्हणजे उत्पन्नातून केलेला खर्च नसून मुद्दल मोडणे होय. वीज-अनुदान, पीकपद्धती व उपशावरील निर्बंध ठरविताना या दोहोंतील फरक कळीचा ठरतो.

दुसरा उपयोग इंधनाचा. खनिज तेल कोट्यवधी वर्षे जुने असल्याने त्यात कार्बन-१४ उरलेलाच नसतो. उसापासून अथवा मक्यापासून बनलेल्या इथेनॉलमध्ये तो आजच्या वातावरणाइतका असतो. त्यामुळे एखाद्या इंधनातील वा प्लास्टिकमधील जैविक कार्बनचा वाटा किती, हे कागदपत्रांवर विसंबून न राहता सांगता येते. भारताने पेट्रोलमधील १० टक्के इथेनॉल मिश्रणाचे उद्दिष्ट २०२२ साली गाठले आणि २०२५ साली मिश्रण २० टक्क्यांवर पोहोचले. जैवइंधनाला जेव्हा किंमत, करसवलत अथवा कार्बन-पतगुण मिळतात, तेव्हा खोटेपणाला मोबदला निर्माण होतो. आणि जेथे मोबदला आहे तेथे तपासणी स्वस्त असली पाहिजे. (रासायनिक विश्लेषणाने इथेनॉल हे इथेनॉलच दिसते, मग ते उसाचे असो की खनिज तेलाचे. येथे उपयोगी पडतो तो कार्बन-१४ च.)

तिसरा उपयोग गुन्हे-अन्वेषणाचा. १९५० व ६० च्या दशकांतील अण्वस्त्र चाचण्यांमुळे उत्तर गोलार्धातील वातावरणात कार्बन-१४ चे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले होते. १९६३ च्या अंशतः चाचणीबंदी करारानंतर ते घसरू लागले. ही घसरण इतकी नियमित आहे की हस्तिदंत वर्षा-दोन वर्षांच्या अचूकतेने 'वाचता' येतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जप्त झालेल्या आफ्रिकी हस्तिदंताच्या बहुसंख्य नमुन्यांतील हत्ती जप्तीपूर्वी तीन वर्षांच्या आतच मेल्याचे दिसले. जुना साठा विकत असल्याचा व्यापाऱ्यांचा बचाव त्यामुळे ढासळतो.

हिमालयातील झिजेचा वेग हा आणखी एक विषय. खडक उघडा पडला की विश्वकिरणांच्या माऱ्याने त्यातील गारगोटीत बेरिलियम-१० साठू लागते. नदीच्या वाळूत ते जितके कमी तितकी तिच्या खोऱ्याची झीज जलद. बेरिलियम-१० चा अर्धायुकाल सुमारे १४ लाख वर्षे आहे. धरणांत गाळ किती वेगाने साचेल याचा दीर्घकालीन अंदाज बांधण्यास हे उपयुक्त आहे. या समस्थानिकाशी भारताचे नाते जुने आहे. देवेंद्र लाल, बर्नार्ड पीटर्स आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबईत १९५० च्या दशकात समुद्रतळाच्या गाळातील बेरिलियम-१० चा अभ्यास केला होता.

अचूक यंत्र, अनिश्चित तारीख

यंत्र कितीही उत्तम असले तरी ते फक्त कार्बन-१४ चे प्रमाण सांगते. त्याचे रूपांतर सौर वर्षांत करण्यासाठी वृक्षवलये इत्यादींवरून बनविलेला अंशांकन वक्र लागतो. सध्याचा आंतरराष्ट्रीय वक्र २०२० साली प्रसिद्ध झाला. वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण सर्व काळ सारखे नव्हते, म्हणून हा वक्र सरळ उतरत नाही. इ. स. पूर्व ७५० ते ४०० या सुमारे साडेतीनशे वर्षांच्या टप्प्यात तो जवळजवळ सपाट आहे. त्या काळातील दोन वस्तूंत तीनशे वर्षांचे अंतर असले तरी त्यांचे मापन जवळपास सारखे येऊ शकते.

गंगेच्या खोऱ्यातील दुसरे नागरीकरण याच टप्प्यात पडते. कीळडीच्या ३५३ सेंटीमीटर खोलीवरील नमुन्याला मिळालेली इ. स. पूर्व ५८० ही तारीखही याच टप्प्यातील आहे. यावरून त्या स्थळाचे प्राचीनत्व संशयास्पद ठरत नाही. परंतु एखाद्या तारखेवर वादाची इमारत उभारणाऱ्या दोन्ही पक्षांनी हे लक्षात घ्यावयास हवे की या काळात एकट्या तारखेला फारसा अर्थ नसतो. थरांच्या क्रमाने घेतलेले दहा-वीस नमुने मोजून त्यांचा एकत्रित विचार केला तरच पल्ला अरुंद होतो. आणि दहा-वीस नमुने मोजायचे की दोनच, हे शेवटी दर नमुन्यामागील खर्चावर ठरते. परकीय चलनात शुल्क भरणारा उत्खनक साहजिकच हात आखडता घेतो. देशांतर्गत सोयीचे खरे मोल येथे आहे. राष्ट्राभिमानाचा मुद्दा माझ्या मते दुय्यम आहे.

भारतातील सोयी आणि खर्चाची रचना

भुवनेश्वरच्या भौतिकी संस्थेत ३० लाख व्होल्टच्या पेलेट्रॉनवर किरणोत्सारी कार्बनचे मापन सुरू झाले. दिल्लीच्या आंतरविद्यापीठीय त्वरक केंद्रात प्रारंभी मोठ्या पेलेट्रॉनवर बेरिलियम-१० मोजले जाई. २०१५ साली तेथे पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या साहाय्याने ५ लाख व्होल्टचे स्वतंत्र यंत्र कार्यान्वित झाले. त्यावर कार्बन-१४ बरोबरच बेरिलियम-१० व ॲल्युमिनियम-२६ ही मोजता येतात. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतही १० लाख व्होल्टचे यंत्र २०१० च्या दशकात आले.

अर्थशास्त्रात अविभाज्य भांडवल अशी एक संकल्पना आहे. अर्धा पूल बांधता येत नाही, तसा अर्धा त्वरकही घेता येत नाही. यंत्र जेवढे महाग व अविभाज्य, तेवढे त्याचे सामायिक स्वामित्व श्रेयस्कर. याच तत्त्वाने विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८४ साली दिल्लीत पहिले आंतरविद्यापीठीय केंद्र स्थापन केले. पुण्याचे आयुका हे त्याच मालिकेतील. मग यंत्र लहान व तुलनेने स्वस्त झाल्यावर सामायिकतेचा आधार संपतो काय? प्रत्येक मोठ्या विद्यापीठाने आपले यंत्र घ्यावे काय?

माझे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याचे कारण यंत्राच्या आत नसून शेजारच्या खोलीत आहे. नमुना यंत्रात जाण्यापूर्वी तो आम्ल-अल्कलीने धुवावा लागतो, जाळून त्याचा कार्बन डायऑक्साइड करावा लागतो व लोहचूर्णाच्या साहाय्याने हायड्रोजनमध्ये त्याचे ग्रॅफाइट बनवावे लागते. या कामात हलगर्जीपणाची किंमत मोठी आहे. लक्षावधी वर्षे जुन्या दगडी कोळशाच्या नमुन्यात आजचा अवघा एक टक्का कार्बन मिसळला, तर यंत्र त्याचे वय सुमारे ३७,००० वर्षे दाखवील, आणि यंत्राची त्यात काही चूक नसेल. यंत्र रात्रंदिवस चालू शकते, एका चकतीवर अनेक नमुने बसवून तासाभरात एकाहून अधिक नमुने मोजू शकते. ग्रॅफाइट बनविणारे हात मात्र तेवढ्या वेगाने चालत नाहीत. अडथळा जेथे आहे तेथे गुंतवणूक न करता जेथे नाही तेथे केली, तर उत्पादन वाढत नाही. हा नियोजनाचा पहिला धडा आहे आणि तो वारंवार विसरला जातो.

म्हणून मापन मोजक्या केंद्रांत आणि नमुन्याची पूर्वप्रक्रिया अनेक विद्यापीठांत, ही विभागणी मला अधिक योग्य वाटते. ग्रॅफाइट लहानशा बंद नळीत टपालाने पाठविता येते. त्वरक पाठविता येत नाही. पुरातत्त्व, भूशास्त्र वा भूजलाचा विभाग चालविणाऱ्या विद्यापीठात पूर्वप्रक्रियेची प्रयोगशाळा असेल तर नमुना कोणत्या थरातून आला, त्यावर मुळे वाढली होती काय, हे ठाऊक असलेली व्यक्तीच तो धुईल. शिवाय एकाच नमुन्याचे भाग दोन केंद्रांकडे, त्याची ओळख न सांगता, पाठवून निकालांचा पडताळा घेता येईल. वादग्रस्त स्थळांबाबत अशा पडताळ्याची गरज कोणी नाकारणार नाही.

यातील अडचण अंदाजपत्रकाच्या रचनेत आहे. यंत्राची खरेदी भांडवली खर्चात पडते. ती एकदाच मंजूर करावी लागते व तिचे उद्घाटनही होते. ग्रॅफाइट बनविणाऱ्या रसायनतज्ज्ञाचे पद, आयनस्रोताचे सुटे भाग, सीझियम आणि निर्वात पंपांची दुरुस्ती हा दरवर्षीचा महसुली खर्च आहे, आणि काटकसरीची वेळ आली की पहिली कात्री त्यालाच लागते. खरेदी समित्यांवर काम केलेल्या कोणालाही हे नवीन नाही. नव्या यंत्राच्या प्रस्तावासोबत पुढील दहा वर्षांच्या महसुली खर्चाची व मंजूर पदांची हमी मागण्याची प्रथा अर्थखात्यांनी सुरू केली, तर प्रस्तावांची संख्या कदाचित निम्मी होईल. पण मोजल्या गेलेल्या नमुन्यांची संख्या वाढेल.